सहा नंबर खाटेचा कौल

उल्हास भावोजी वारले.

झालं, सांगून टाकलं. आता ते विसरा. तुम्ही वाचलं नाही, मी लिहिलं नाही, आणि भावोजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, पुरुष विभागात, सहा नंबरच्या खाटेवर बसून हवेतले तुडतुडे पकडताहेत.

"पश्या, धर रे! थंय गेलो बघ!"

मी हवेत हात मारला. "गावलो, भावोजी."

"चिरड तेका."

मी चिरडला. पाच नंबरच्या खाटेवरचा हर्नियाचा पेशंट कुशीवर वळून म्हणाला, "अजून एक आसा. तुझ्या खांद्यार."

तोही मारला.

पायाशी बसलेल्या ताईने माझ्याकडे बघितलं. "मस्करी करू नको. हेंका खराच दिसतत ते."

"म्हणान तर मारतंय."

तुडतुडे म्हणजे आंब्याच्या मोहोरावरची कीड. भावोजी आंब्याच्या बागेत फवारणीला जायचे. बाग त्यांची नव्हती. बागवाला मुंबईला असायचा आणि झाडांची खुशाली फोनवरून विचारायचा. आमच्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात, त्यामुळे त्याची कुणाला भीती वाटत नाही. आदल्या दिवशी पंपाचा पाइप सांध्यात फुटला आणि भावोजी गळ्यापासून कमरेपर्यंत औषधात भिजले. त्यांनी शर्ट पिळला, परत अंगात घातला आणि टाकी रिकामी होईपर्यंत फवारत राहिले. कालवलेलं औषध उद्याला ठेवता येत नाही, आणि ओतून दिलं तर बागवाला फोनवर ओरडतो.

घरी आले ते गळत. डोळे गळत होते, नाक गळत होतं, तोंडातून लाळेची तार लागली होती, अंगातून घामाचे ओघळ. बुबुळांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या आणि दंडाचं मांस कातडीखाली असं वळवळत होतं, जशा पोत्यात जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, भरल्यात. मी तेव्हा सुट्टीला ताईकडे आलो होतो. ताईने एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "रिक्षा हाड. धाव."

रुग्णालयात डॉक्टर एकच होत्या. डॉ. प्रणिता सोनकांबळे, लातूरकडच्या, सरकारी बाँडवर आलेल्या, वयाने माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी भावोजींचा शर्ट हुंगला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि ॲट्रोपीनची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. एकामागून एक. ॲम्प्युल फोडता फोडता सिस्टरचं बोट कापलं. हळूहळू गळणं थांबलं, छातीतली घरघर कमी झाली.

"तुम्ही कोण यांचे?" डॉक्टरांनी घाम पुसत मला विचारलं.

"मेहुणा. डी. फार्म करतो."

"मग ॲट्रोपीन कसं काम करतंय, सांगा बघू तुमच्या बहिणीला."

"मॅडम, ह्या प्रश्नावर मी दोनदा नापास झालोय."

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून ताईसमोर बसल्या.

"हे बघा ताई. नस निरोप पाठवते. निरोप म्हणजे किल्ली समजा. पलीकडे कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणायचं. किल्ली लागली की नळ उघडतो. लाळेचा, घामाचा, छातीतल्या पाण्याचा. काम झालं की झाडूवाला येतो आणि किल्ल्या झाडून नेतो. या फवारणीच्या विषानं तो झाडूवालाच मारला. आता किल्ल्यांचा खच पडलाय आणि सगळे नळ उघडे."

"आणि इंजेक्शन?" ताईने विचारलं.

"ते कुलपात जाऊन बसतं. किल्ली आत जाऊ देत नाही."

"कुलपात काडी मोडल्यासारखी," मी म्हटलं. हा विषय मला शाळेपासून येत होता.

"तशीच. पण कुलपं दोन जातीची असतात. नळांची वेगळी आणि हाता-पायांच्या, मानेच्या, श्वासाच्या स्नायूंची वेगळी. ही काडी फक्त पहिल्या जातीत बसते."

"दुसऱ्या जातीत काय बसता?"

"काही नाही. तिथं फक्त वाट बघायची." त्या माझ्याकडे वळल्या. "दोन-तीन दिवसांनी ती कुलपं दमून बंद पडू शकतात. सकाळ-संध्याकाळ यांना उशीवरून मान उचलायला लावा. मान उचलली नाही तर मला कुठंही असले तरी हाक मारा. मान गेली की मागोमाग श्वास जातो. तेव्हा श्वासाचं मशीन लागतं. मशीनवर ठेवलं तर माणूस आठ-पंधरा दिवसांत चालत घरी जातो. मशीन जिल्ह्याला आहे. आत्ता विचारलं मी, तिथं खाट रिकामी नाही. रोज विचारते."

हे सगळं ताईने ऐकलं, आणि नळ-कुलूप बाजूला ठेवून तिला पाहिजे ते एवढंच धरलं: मान.

त्या संध्याकाळी भावोजींनी मान उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळीही उचलली, आणि उचलून म्हणाले, "झाडार चडलेली कोंबडी खाली उतरव." कारण मेंदूतही पहिल्या जातीची कुलपं असतात. ॲट्रोपीन थोडं वर गेलं की तिथेही काड्या बसतात आणि माणूस भलतंच बघायला लागतो. उतरेल, डॉक्टर म्हणाल्या. तुडतुड्यांची शिकार चालली होती ती ह्याच सकाळी, आणि ह्याच सकाळी आबा जोईल शहाळं घेऊन भेटायला आले.

आबा म्हणजे गावचे मानकरी. आता गावाचं थोडं सांगायला हवं. ताईच्या सासरचं, सडेकोंडचं देऊळ त्या वेळी बंद होतं. पालखीला पहिला हात जोइलांचा की धुऱ्यांचा, ह्यावरून एका जत्रेत डोकी फुटली, आणि सरकारने दाराला सील ठोकलं. जत्रेचं एक वेळ ठीक होतं. पण गाव चालायचं कौलावर. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्न, विहीर, बांधावरचं भांडण, सगळं असंच ठरायचं. देऊळ बंद झालं तसे प्रश्न साठत गेले. विचारायला देव नाही आणि स्वतः ठरवायची कुणाला सवय नाही. ज्यांच्या अंगात देवाचा अवसार यायचा ते भावोजींचे चुलते, तेही त्याच काळात गेले. आता अवसार कुणाकडे गेला, हे विचारायचं तर देवालाच, आणि देवाला सील.

आबांनी शहाळं टेबलावर ठेवलं. "काय रे उल्हास, कसा वाटता?"

भावोजी छताकडे बघत ओरडले, "दार उघडा! दार कित्याक लावलास?"

दार बहुतेक संडासाचं असावं. ॲट्रोपीनने लघवी अडते. पण आबांच्या हातातली काठी खाली पडली.

"म्हाराजा?" आबा कुजबुजले.

"व्हय," भावोजी म्हणाले.

"आबानू, तेंका औषध चडलाहा," ताई म्हणाली.

"सुलू, तुझो घोव आजपतूर कधी इतक्या मोठ्यान बोललो?"

हे खरं होतं. भावोजी दिवसाला चार शब्द बोलत, त्यातले दोन बैलांशी.

दुपारच्या एसटीने गाव आलं. वॉर्डात, व्हरांड्यात, जिन्यावर माणसंच माणसं. कुणी नारळ आणला, कुणी सुपारी. एका म्हातारीने कोंबडा आणला होता, तो वॉचमनने सायकल स्टँडला बांधला आणि पहिला नंबर स्वतःचा लावला. गर्दी अंगावर यायला लागली तेव्हा मी केसपेपरच्या कोऱ्या कागदाचे चौकोन फाडले, वर आकडे घातले आणि वाटले. माझी कल्पना अशी की टोकन बघून लोकांना लाज वाटेल. लोक रांगेत उभे राहिले.

म्हातारीचा नंबर आला, तिला मुलाचं विचारायचं होतं. "म्हाराजा, माझो झील मुंबयसून कधी येतलो?"

"पंखो बंद कर," भावोजी म्हणाले.

म्हातारीने आबांकडे बघितलं. आबा क्षणभर विचार करून म्हणाले, "पंखो म्हणजे फिरणारी वस्तू. तेचा फिरणा थांबला काय येतलो."

म्हातारी रडत रडत पाया पडली. हर्नियावाल्याने विचारलं, "ऑपरेशन करू काय?" त्याला उत्तर मिळालं, "तुडतुडो." त्याने त्याच दुपारी डिस्चार्ज मागितला. सिस्टरने सलाईनची बाटली बदलता बदलता हळूच विचारलं, "माझी बदली होईल का हो?" भावोजी म्हणाले, "आंघोळ कर." दुसऱ्या दिवशी सिस्टर ओल्या केसांनी ड्यूटीवर आली.

एवढ्यात डॉक्टर आल्या. "काय करायलात तुम्ही? हा वॉर्ड आहे का जत्रा?"

"जत्रा बंद आसा, बाई," आबा अदबीने म्हणाले. "म्हणान तर हंय इलव."

"सगळे बाहेर! पेशंटचं डोकं ठिकाणावर नाही."

"तेचा नाय, बरोबर. दुसऱ्याचा आसा."

"माझो घोव आसा तो," ताई उठून उभी राहिली. सगळा दिवस ती खाटेचा कठडा धरून बसली होती. "देव-बीव काय नाय. माझो घोव."

"गो, आमी कुठे नाय म्हणतो? पण गावाचा एक काम होतला तर तुझा काय जाता?"

डॉक्टरांनी माणसं हाकलली. मग छाती तपासली, नाडी बघितली आणि ॲट्रोपीन कमी केलं. "डोकं शांत होईल," ताईला म्हणाल्या. संध्याकाळी भावोजींनी मान उचलली. ताईने ती उचललेली मान बघितली आणि पहिल्यांदा भाकरीचा तुकडा मोडला.

पुढच्या सकाळी मी चहा घेऊन आलो तर भावोजी ताईकडे बघत होते. तुडतुड्यांकडे नाही. ताईकडे.

"सुलू," ते म्हणाले, "पेज हाडलंस?"

ताईने डबा उघडायच्या ऐवजी छातीशी धरला. आणि हसली. असं हसली की मी चहा सांडला.

"माका ओळखलास?" मी विचारलं.

"नापास," भावोजी म्हणाले.

आवाज थोडा नाकात होता. मी म्हटलं, "भावोजी, मान उचला बघू." त्यांनी उचलली. उशीपासून चार बोटं वर गेली, थरथरली, आणि टपकन खाली पडली. ते स्वतःच चकित झाले. "जड झाली रे," म्हणाले. ताईने पेजेचा चमचा तोंडाला लावला. पेज नाकावाटे बाहेर आली.

मी धावलो. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या, एका बाईचं बाळ आडवं होतं. मी दारातून ओरडलो, "मॅडम, मान पडली! गिळता येत नाही!"

आतून आवाज आला, "श्वास?"

"चालू आहे. बोलतात, नाकातून."

"सिस्टरला सांगा, एकशे आठला फोन करा. जिल्ह्याला मी सकाळी बोलले, खाट झालीये. अँब्यु बॅग आणि नळ्यांचा ट्रे खाटेपाशी ठेवा. आडवंच ठेवा त्यांना. बाळ काढलं की आले."

सिस्टरने फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, परतीच्या वाटेवर होती. मी हाताने श्वास द्यायची ती बॅग ट्रेमध्ये टाकली, ट्रे उचलून वॉर्डाकडे पळालो, आणि दारातच थांबावं लागलं. वॉर्ड भरला होता.

ह्या खेपेला टोकनवाले नव्हते, मानकरी होते. एका बाजूला आबा जोईल आणि त्यांचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला भिकाजी धुरी आणि त्यांचे. देवळाला सील लागल्यापासून ही माणसं एका छपराखाली आली नव्हती. कालची बातमी धुऱ्यांकडे पोचली होती आणि आपल्यामागे जोइलांनी देवाला काही विचारून घेऊ नये म्हणून ते आले होते. त्यांनी भावोजींना उचलून मांडी घालून बसवलं होतं, पाठीला उशा लावल्या होत्या, कपाळाला कुंकू. भावोजींचं डोकं छातीवर लोंबत होतं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ताई कोपऱ्यात दोन बायकांच्या पकडीत होती आणि ओरडत होती, "निजवा तेंका! निजवा!"

"देव आज बोलणा नाय," कुणीतरी म्हणालं.

"बोलाचा नाय," आबा म्हणाले. "आज पाषाण झालो. आज कौल." त्यांनी दोन्ही हातांनी भावोजींचं डोकं हळुवार वर उचललं, सरळ धरलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हाराजा, पालखेक पयलो हात जोइलांचो असात तर उजवो दी."

आणि हात काढून घेतले.

डोकं क्षणभर राहिलं, मग उजव्या खांद्यावर पडलं.

"उजवो!"

"अहो, तो कौल नाही!" मी गर्दीत घुसलो. "त्यांची मान लुळी पडलीय! श्वास बंद होईल आता! बाजूला व्हा!"

दोघे-तिघे हसले. "पश्या इलो. आज टोकन नाय काय रे?"

"मस्करी नाही करत मी!"

"काल टोकना वाटताना पण तू असोच गंभीर हुतंस," एक जण समजूतदारपणे म्हणाला, आणि माझा दंड धरला. ट्रे हातातून घेतला आणि नीट, आदराने, खिडकीत ठेवला.

"एक कौल पुरो नाय," भिकाजी धुरी म्हणाले. "तीन व्हये. रीत आसा."

आबांनी पुन्हा डोकं उचललं. पुन्हा उजवीकडे पडलं. जोइलांच्या बाजूला टाळ्या वाजल्या. भिकाजींनी खाटेकडे बारीक नजरेने बघितलं. सरकारी खाट, उजवीकडचा एक पाय मोडका म्हणून विटेवर टेकवलेला, तरी गादी उजव्या बाजूला खचलेली. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि 'देवाक थंडी लागता' असं म्हणत ती भावोजींच्या उजव्या मांडीखाली सरकवली. चांगली जाड शाल होती. भावोजी डावीकडे कलले.

तिसऱ्यांदा डोकं डावीकडे पडलं.

"डावो!" धुरी ओरडले. "बगा! डावो!"

मग जे काय सुरू झालं त्याला भांडण म्हणणं कमी आहे. दोन उजवे एक डावा म्हणजे जोईल, असं एक मत. शेवटचा कौल तो खरा कौल, असं दुसरं. मी त्या सगळ्यांच्या मधून भावोजींचं तोंड बघत होतो. छाती हलत होती, पण कशीबशी, माशासारखी. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ॲट्रोपीन कमी केलेलं, नळ परत थोडे उघडत होते.

"देव रडता," कुणीतरी म्हणालं. सगळे गप्प झाले. काही जणांनी हात जोडले.

त्या शांततेत डॉक्टर आत आल्या. अंगात ऑपरेशनचा हिरवा झगा, हाताला रक्त. त्यांनी एका नजरेत सगळं बघितलं. "ट्रे कुठाय? सरका! आडवं करा त्यांना!"

"बाई, हात लावू नका," आबा म्हणाले. "कौल चालू आसा."

"माणूस मरायलाय तुमच्या देखत!"

"पाषाणाक हात लावूचो नसता. आणि तोंडात नळी घालतलात? देवाच्या तोंडात?"

"नाय घालूक देवचव," भिकाजी म्हणाले, आणि आबांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरांनी त्यांना ढकललं. मागून दोघांनी त्यांचे हात धरले, तेही अगदी सांभाळून, ताई-माई करत. वॉचमनला हाक मारली तर वॉचमन आधीच तिथे होता, हात जोडून.

तेव्हा ताईने ओरडणं बंद केलं. तिने पदर खोचला, बायकांच्या हातातून स्वतःला सोडवलं आणि खाटेसमोर येऊन उभी राहिली. तिला कुणी अडवलं नाही, कारण ती हात जोडून उभी होती.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली.

बाईने गाऱ्हाणं घातलेलं गावाने कधी ऐकलं नव्हतं. पण शब्द ओळखीचे होते, आणि ओळखीच्या शब्दांना माणसं आपोआप उत्तर देतात.

"व्हय म्हाराजा," वॉर्ड म्हणाला.

"आज ही तुझी लेक तुझ्या दारात उभी आसा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या डॉक्टरनीक तुझ्या अंगाक हात लावूक देतलंस तर उजवो दी. आता दी. येळ लावू नको."

"व्हय म्हाराजा."

मला ताईची युक्ती कळली, आणि त्याच क्षणी शाल आठवली. "ताई, थांब!" मी ओरडलो, "शाल! मांडीखाली शाल..." माझ्या तोंडावर हात आला.

ताईने दोन्ही तळव्यांत नवऱ्याचं तोंड धरलं. सरळ केलं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. काही तरी पुटपुटली, ते गाऱ्हाण्यातलं नव्हतं. आणि हात काढले.

डोकं डावीकडे पडलं.

"डावो," आबा हळूच म्हणाले. दुःखाने म्हणाले, ते मला मान्य केलं पाहिजे.

ताई तशीच उभी राहिली, हात हवेत. डॉक्टर कुणाच्या तरी मनगटाला चावल्या आणि सुटल्या. मी शाल ओढून काढली. "परत विचारा! आता विचारा! शालीमुळे पडलं ते!"

"दिलेलो कौल फिरवूक येणा नाय," भिकाजी म्हणाले.

एवढ्यात भावोजींचे ओठ कोकमाच्या रंगाचे झाले. ते बघून गर्दी स्वतःच मागे सरली. "म्हाराजा गेले," कुणीतरी म्हणालं, आणि ज्या खाटेपर्यंत आम्हाला पोचू देत नव्हते तिच्याभोवती एकाएकी मोकळं मैदान झालं. देव गेल्यावर उरतो त्याला हात लावायला कुणाची हरकत नव्हती.

डॉक्टर खाटेवर चढल्या. नळी पहिल्या खेपेला गेली. मी बॅग दाबत होतो, त्या छाती दाबत होत्या, सिस्टर इंजेक्शनं भरत होती, तिचे ओले केस तोंडावर आले होते. एकदा नाडी लागली असं वाटलं. एकशे आठची गाडी आली, पण गेटपाशी, तिसऱ्या कौलाचा अर्थ काय ह्यावर जोईल आणि धुरी समोरासमोर उभे होते, आणि गाडीला आत यायला वाट नव्हती. गाडी भोंगा वाजवत राहिली. मी बॅग दाबत राहिलो. मग डॉक्टरांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पुरे."

ताईने भावोजींच्या कपाळावरचं कुंकू पदराने पुसलं. पदर ओला करून परत पुसलं. जाईना.

"पश्या," ती म्हणाली, "हेंका आयकाक येत हुता काय? सगळा?"

डॉक्टर ट्रेमध्ये नळ्या परत लावत होत्या, त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाय गो," मी म्हटलं. "कधीच बेशुद्ध पडलेले."

त्या वर्षी मी तो पेपर तिसऱ्यांदा दिला. प्रश्न तोच आला आणि मी त्याचं पूर्ण उत्तर लिहिलं. दुसऱ्या जातीची कुलपं स्नायूंची असतात. मानेची, घशाची, पापण्यांची, श्वासाची. कानांची नसतात. कळण्याचीही नसतात. डोकं दोन्ही हातांनी सरळ धरून कुणी काही विचारलं तर त्या माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, उत्तरही माहीत असतं. एवढंच की ते द्यायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. शंभरपैकी बहात्तर पडले.

देऊळ पुढच्या मोसमात उघडलं. दोन उजवे, एक डावा, असा हिशोब दोन्ही पक्षांनी शेवटी मान्य केला आणि पहिला हात जोइलांचा ठरला. चौथा कौल मोजला नाही. तो बाईने विचारला होता.

ताई जत्रेला जात नाही. मी जातो. माझं आता तालुक्याला औषधांचं दुकान आहे, त्यामुळे देवस्थान कमिटी मला खुर्ची देते. दर वर्षी पालखी उठायच्या आधी मी कमिटीच्या टेबलावर एक अर्ज देतो. सेक्रेटरी तो वाचत नाही, शिक्का मारून पोच देतो, आणि वर विचारतो, "काय पश्या, यंदा काय नवीन मस्करी?" नवीन काही नसतं. मजकूर तोच असतो:

प्रति, मा. अध्यक्ष, देवस्थान कमिटी, मौजे सडेकोंड. विषय: ग्रामीण रुग्णालय, पुरुष विभाग, खाट क्रमांक सहा येथे घेण्यात आलेले कौल रद्द करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर कौल घेतेवेळी संबंधित इसमास गावाचे सर्व प्रश्न विचारण्यात आले, परंतु त्यास स्वतःस काय हवे आहे, अशी विचारणा कोणाकडूनही झाल्याचे आढळून येत नाही. सबब सर्व कौल, मोजलेले व न मोजलेले, रद्दबातल ठरवून, सदर इसम नामे उल्हास बाबाजी घाडीगावकर, वय छत्तीस, धंदा फवारणी, यास शुद्धीवर व मूळ स्थितीत, त्याच्या पत्नीच्या ताब्यात, तिची सही घेऊन, परत देण्यात यावे, ही विनंती.